घड्याळाची पाठचिकित्सा

वारशाने आलेल्या वस्तूंमध्ये मनगटी घड्याळाचे स्थान थोडे निराळे आहे. पुस्तक कपाटात राहते, भांडे फळीवर राहते. घड्याळ मात्र माणसाच्या नाडीला लागून वर्षानुवर्षे चाललेले असते. म्हणूनच ते बंद पडले की त्याची दुरुस्ती हा केवळ कारागिरीचा प्रश्न उरत नाही. काय बदलावे, काय राखावे आणि 'अस्सल' कशाला म्हणावे, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. ते घड्याळाच्या निमित्ताने आमच्यासमोर उभे राहिले.

घड्याळ आमच्या वडिलांचे. एचएमटीचे 'जनता', चावीचे, सतरा खड्यांचे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली घड्याळे बनवण्यास आरंभ केला आणि पुढच्या काही दशकांत मध्यमवर्गीय मनगटांवर दुसरे नाव क्वचितच दिसले. त्यातही 'जनता' हे मास्तरांचे, कारकुनांचे, पहिल्या पगाराचे घड्याळ. पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला की सुट्या भागांचा झराही आटतो. उरतो तो जुन्या दुकानांतील शिल्लक साठा, आणि दुसरी घड्याळे.

आमच्या हातून ते पडले आणि बॅलन्स चाकाचा आस मोडला. तासाला अठरा हजार ठोके देणारे हे चाक ज्या आसावर झुलते, त्याची टोके केसाइतकी बारीक असतात. पडल्यावर प्रथम तीच जातात. घड्याळजींनी भिंगातून पाहून निदान केले आणि जाता जाता डागाळलेल्या डायलकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हेही नवीन रंगवून देतो. कोणाला कळणार नाही."

आमचा आक्षेप या शेवटच्या तीन शब्दांना आहे.

जुन्या घड्याळांच्या परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे, आणि तो गौरवाचा नाही. निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून, डायल भडक रंगात पुन्हा छापून, 'जुने, अस्सल' म्हणून विकलेल्या घड्याळांना तो लावतात. त्यात आमच्या कारागिरांचा उपहास आहे, आणि तो सरसकट न्याय्यही नाही. कारण बंद पडलेले घड्याळ चालते करण्याची जी चिकाटी या कारागिरांपाशी आहे, तिच्यामुळेच ही हजारो घड्याळे भंगारातून वाचली. दोष जोडकामात नाही, ते लपवण्यात आहे. प्रक्षेपाचा अपराध तरी दुसरा कोणता असतो? कोणी आपली ओवी रचली यात वावगे काही नाही. ती ज्ञानदेवांच्या नावावर खपवली, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली.

मग आम्ही अस्सल भाग शोधू लागलो. पुड्यांवर 'ओरिजिनल' छापलेला माल पुष्कळ मिळाला. पुडी मात्र कालच छापलेली दिसे. शेवटी जुन्या बाजारात एक 'जनता' हाती आले. चालू होते. त्याचा बॅलन्स काढून आमच्या घड्याळात बसवला असता तर शुद्धतेच्या कोणत्याही कसोटीला ते उतरले असते. पाठीमागे पाहिले, तर कोणा गृहस्थाचे नाव आणि 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' अशी अक्षरे कोरलेली. एका वडिलांचे घड्याळ चालावे म्हणून दुसऱ्याच्या वडिलांचे घड्याळ कायमचे थांबवायचे, हा व्यवहार आम्हांस जमला नाही. संग्राहकांच्या जगात रोज होतो. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. बंद पडलेल्या घड्याळाचे भाग वापरणे वेगळे, आणि चालते घड्याळ मोडणे वेगळे, एवढेच म्हणतो.

अखेर शहराच्या जुन्या भागातील एका वृद्ध कारागिरांनी मोडका आस मापून तसाच नवा लेथवर कातून दिला. तो अस्सल आहे काय? कारखान्याचा नाही, हे उघड आहे. उलट, त्याच घड्याळाची चावीही मूळची नव्हती. वडिलांनीच ती कधीतरी बदलून घेतलेली, आणि पुढे रोज सकाळी चहाच्या आधी तीच ते फिरवत. संग्राहक ती काढून टाकील. आम्ही ती काढणार नाही. कारखान्याचा पाठ एक असतो आणि वडिलांचा पाठ दुसरा. आम्ही वारस आहोत. आम्हांला दुसरा राखायचा आहे. डायलवरचे डागही त्याच पाठातले, म्हणून धाकट्या बंधूंचा आग्रह मोडून तेही तसेच ठेवले.

यावर कोणी म्हणेल, मग काहीही चालेल, आवडेल तो भाग बसवावा! तसे नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे चालली. तिची थोरवी केवळ शुद्ध पाठ निवडण्यात नाही. संपादकांनी वगळलेला मजकूर फेकून दिला नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला; आणि जिथे पाठाची खात्री नव्हती तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. आम्हांला ही रेघ संपादनशास्त्रातली सर्वांत प्रामाणिक खूण वाटते.

घड्याळजींच्या व्यवसायातही तिची बहीण आहे. जुने कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्तीची तारीख आणि आपली खूण बारीक टोचणीने कोरून ठेवत. आम्ही त्या वृद्ध कारागिरांना तशी विनंती केली. ते हसले, म्हणाले, हल्ली कोणी मागत नाही. झाकण उघडले तेव्हा आत आधीच दोन तारखा कोरलेल्या दिसल्या. वडील घड्याळ घेऊन कोणाकडे तरी दोनदा गेले होते, आणि घरात ते कोणासच ठाऊक नव्हते. तिसरी तारीख आता त्यांच्याखाली आहे. मोडका आस एका पुडीत, पुडीवर काय बदलले त्याची टीप.

घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडते. सकाळी चावी देताना आम्ही ते पुढे करून घेतो.