मुंबईतील प्रेक्षणीय स्थळे ठरविली कोणी?



धरणगावचा माणूस मुंबईस जाऊन आला, की काय पाहिले म्हणून सांगतो? गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह आणि एखाद्या नटाचा बंगला! ही यादी केली कोणी, असा सवाल आपण कधी विचारला आहे काय?

1911 साली पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरले. त्या आगमनाचे स्मारक म्हणून बांधलेली कमान 1924 साली खुली झाली. त्याच 1924 सालच्या 9 मार्च रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलाविली व तीतून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. बादशहा आले आणि गेले. या सभेने मुक्यांना वाचा दिली. तरीही सहलीची गाडी कमानीपाशी थांबते, परळला थांबत नाही! हाती असलेला पुरावा जो पक्ष दडवितो, त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याचा अधिकार न्यायालयास आहे. मग या यादीविरुद्ध आपण ते का काढू नये?

मरीन ड्राइव्हपासून जवळच, चर्चगेटला, शासकीय विधी महाविद्यालय आहे. 1935 साली बाबासाहेब तेथे प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ते धर्मांतर कशासाठी, याचे मुद्देसूद विवेचन मे 1936 मध्ये मुंबईतच, नायगावच्या परिषदेत झाले. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत त्यांचे बिऱ्हाड वीसहून अधिक वर्षे होते. आणि बंदराचीच कथा हवी असेल, तर बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरी गाठावी. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी भिक्षुसंघास दिलेली दाने तेथील शिलालेखांत कोरलेली आहेत.

दोष सर्वस्वी इतरांचा आहे, असे मी म्हणणार नाही. 6 डिसेंबरला आपले लोक लाखोंनी चैत्यभूमीवर जातात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात, ग्रंथ विकत घेतात आणि मिळेल त्या गाडीने परततात. यात गैर काहीच नाही. परंतु एखाद्या साध्या रविवारीही मुलांना घेऊन जा. दादरलाच ग्रंथांसाठी बांधलेले राजगृह आहे. परळ तेथून दूर नाही.

जळगावहून गाडी धरलीत, तर वाटेत चाळीसगाव लागेल. 1929 साली सरकारी समितीचे सभासद असलेल्या या बॅरिस्टरास नेण्याचे तेथील टांगेवाल्यांनी नाकारले. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ते स्टेशन आले, की मुलांना झोपू देऊ नका.