गिऱ्हाईक की कलावंत?

महाविद्यालयीन तरुणांनी काय पाहावे, काय ऐकावे, कुठे खावे, याच्या याद्या सर्वत्र छापून येतात. त्यांत तरुणाला केवळ गिऱ्हाईक मानलेले असते, ही आमची तक्रार आहे.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे. तेथे विद्यार्थी स्वतः नाटक बसवितात, नेपथ्य उभारतात, अनेकदा संहिताही लिहितात. २०२२ साली एकही एकांकिका करंडकास पात्र नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला, तेव्हा वाद झाला. आम्हांस मात्र त्या नकारातच तरुणांविषयीचा खरा आदर दिसतो. गिऱ्हाइकाला कोणी नापास करीत नाही. कसोटी लागते ती कलावंताची.

पालकहो, मुलांना तिकिटाचे पैसे जरूर द्या. पण त्याआधी तालमीला जाण्याची मोकळीक द्या.