नोकरी बालवाडीची, अभ्यास बालपणाचा

व्यापारी घरातील मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी शिकत असतो. सकाळी वाणिज्य महाविद्यालय आणि दुपारनंतर पेढी. जमाखर्चाचा जो नियम सकाळी फळ्यावर पाहिला, तोच संध्याकाळी कीर्द-खतावणीत प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. आणि पेढीवर न उलगडलेली एखादी नोंद दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांपुढे मांडता येते. या दुहेरी शिक्षणात कोणालाही कमीपणा वाटत नाही. उलट नुसता पुस्तकी पदवीधर गादीवर बसला, तर वडीलधारी मंडळी मनातून साशंकच असतात.

मात्र हाच मार्ग घरातील सून अथवा कन्या धरू पाहते, बालवाडीत किंवा पाळणाघरात काम करीत विद्यापीठाचा अभ्यास करावा म्हणते, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो असा : ‘लहान मुले सांभाळायला पदविका कशाला हवी?’ प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपल्याकडे मुले आजीने, आत्याने, थोरल्या बहिणीने सांभाळली. त्यांच्यापाशी कोणते प्रमाणपत्र होते?

याचे उत्तर नाण्यांच्या साहाय्याने देता येईल. चार वर्षांच्या मुलापुढे रुपयाची पाच नाणी एका रांगेत ठेवावीत आणि त्यांच्यासमोर तितक्याच अंतरावर दुसरी पाच. दोन्ही रांगा सारख्या आहेत, असे मूल सांगेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतील नाणी जरा दूर दूर सरकवावीत. बहुतेक मुले लांब दिसणाऱ्या रांगेत पैसे जास्त आहेत असे म्हणतात. मोजून दाखवले तरी म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी अशा प्रयोगांतून दाखवून दिले की मूल येथे चुकत नसते. संख्येची कल्पना त्याच्या मनात अजून घडत असते आणि ती स्थिर व्हायला साधारणतः सहावे-सातवे वर्ष उजाडते. पियाजे यांच्यानंतरच्या संशोधकांनी या वयोमर्यादेविषयी मतभेद नोंदवले आहेत. परंतु शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणे निराळे आणि पाच म्हणजे किती हे कळणे निराळे, याबद्दल वाद नाही.

जिथे हिशेबाला मान आहे, तिथे ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तीन वर्षांच्या नातवाच्या वहीत एक ते शंभर आकडे भरलेले पाहून आजोबांना आनंद होतो, आणि वही कोरी दिसली की ते बालवाडीत चौकशीला येतात. त्यांच्यासमोर उभी असलेली शिक्षिका अनुभवाने जाणून असते की मुलाची बोटे अद्याप पेन्सिल धरण्याजोगी झालेली नाहीत, त्याला मणी ओवू द्यावेत, कणीक मळू द्यावी, चिंचोके वाटीत भरू द्यावेत. पण हे ठामपणे सांगायला तिच्यापाशी शब्द नसतात. ती मान खाली घालते आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या हाती पेन्सिल देते. नुकसान मुलाचे होते. अभ्यास तिला जे देतो, ते प्रथम हे शब्द होत, प्रमाणपत्र नंतरचे.

काम करीत शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अनुताई वाघ यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. १९१० मध्ये जन्मलेल्या आणि बालवैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत असतानाच रात्रशाळेत जाऊन त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडक यांच्यासह बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या कामात रमल्या. पुढे कोसबाडची टेकडी हेच त्यांचे घर झाले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. खडे, शिंपले, पाने, बिया हेच तेथील शैक्षणिक साहित्य. हे सारे चालू असताना, १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अनुताई बी. ए. झाल्या. तोवर त्यांच्या कामाला कोणाच्या शिफारशीची गरज उरलेली नव्हती; तरीही त्या परीक्षेला बसल्या. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेत गावोगावच्या केंद्रांना जे नाव मिळाले, तेही अंगणवाडी हेच.

आज मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व बालशिक्षणाची पदविका बारावी उत्तीर्ण व्यक्तीस घरी राहून करता येते. ती बत्तीस श्रेयांकांची आहे आणि एका श्रेयांकासाठी तीस तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. हिशेब सरळ आहे : ९६० तास. वर्षभरात उरकायचे म्हटले तर आठवड्याला अठरा-एकोणीस तास होतात, आणि नोकरी व घर सांभाळणाऱ्या स्त्रीला ते जड जातात. दोन वर्षे घेतली, तर आठवड्याला नऊ-सव्वानऊ तास. पहिल्या उत्साहात सर्व विषय एकदम हाती घेऊन नंतर सोडून देण्यापेक्षा हा दुसरा हिशेब शहाणपणाचा. मुलांचे आरोग्य व आहार, बालसेवा केंद्राची व्यवस्था, मुलांसाठीच्या योजना असे विषय तीत आहेत आणि एक मोठा भाग प्रत्यक्ष मुलांसोबतच्या प्रकल्पाचा आहे. इतर विद्यार्थिनींना या प्रकल्पासाठी मुले शोधत हिंडावे लागते. बालवाडीत काम करणारीला ती रोज सकाळी दारात भेटतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हीच दिशा आहे. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, काम न सोडता, दूरशिक्षणाने पुरा व्हावा, असे त्यात म्हटले आहे.

वेळ कोठून काढायचा, हा प्रश्न खरा आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांना येथे एक सोय आपोआप लाभते : दिवेलागणीला स्वयंपाकघर आवरलेले असते आणि दुकान बंद व्हायला अवकाश असतो. ते दीड-दोन तास घरातल्यांनी तिच्यासाठी राखून ठेवले, पाहुण्यांची सरबराई त्या वेळी दुसऱ्या कोणी उचलली, तर आठवड्याचे नऊ तास कोठे गेले हे कळणारही नाही. सासूबाईंनी एकदा ‘ती वाचते आहे’ असे चार जणींसमोर सहज सांगितले, की अर्धे काम होते. विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात. पर्युषण आणि दिवाळीचे चोपडापूजन त्यांत सापडत नाही. लग्नसराईचे मात्र सांगता येत नाही.

उरला प्रश्न संस्थाचालकांचा. समाजातील अनेक कुटुंबे बालवाड्यांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. काहींचे कारखाने आहेत. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, हे २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. बालवाडीच्या इमारतीवर, रंगीत घसरगुंडीवर आणि दारावरील नामफलकावर मोठी रक्कम सढळपणे खर्च होते. तीच मंडळी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याचा विषय निघताच ‘शिकून ती दुसरीकडे गेली तर?’ असे विचारतात. जाईलही कदाचित. पण न शिकता ती वीस वर्षे राहिली, तर त्या वीस वर्षांतील मुलांचे काय, हेही त्याच बैठकीत विचारले जावे. शुल्काचा निम्मा भार संस्थेने उचलावा, परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा द्यावी आणि पदविका पूर्ण होताच वेतनात वाढ करावी, एवढे तरी ठरावाच्या वहीत नोंदवता येईल. जूनची परीक्षा नेमकी शाळा उघडण्याच्या धांदलीत येते. त्या आठवड्यात बदली शिक्षिका कोण, हे मे महिन्यातच ठरवून ठेवावे लागेल.