इंजिनाचा श्वास

पिण्याचें पाणी भरतांना हंड्याच्या तोंडावर दुपदरी फडकें बांधण्याची चाल आमच्या घरीं आजीच्या वेळेपासून होती. त्या फडक्याविषयीं आजीचे दोन नियम असत. फडकें जुनें असलें तरी चालेल, फाटकें चालणार नाहीं, हा पहिला. आणि बांधतांना तें कडेवरून कोठेंही सुटतां कामा नये, हा दुसरा. तेवढ्या फटींतून गेलेलें पाणी सगळा हंडा नासवतें, असें ती म्हणे. या नियमांची आठवण आम्हांस अलीकडे एका मालमोटारीच्या इंजिनापाशीं उभे असतां झाली. तीच हकीकत या खेपेस वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. मालमोटारीचा आणि या पृष्ठांचा संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु आज कित्येक घरांची चूल ट्रकाच्या चाकांवर पेटते. शिवाय ही हकीकत जितकी यंत्राची, तितकीच एका माणसाच्या इभ्रतीची आहे.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब सोलापूरकडे आहे. वडील बंधु अण्णा हिशेब पाहतात, धाकटे भाऊ शेती पाहतात, आणि एक पुतण्या, शिकलेला व हौशी, घरच्या दोन ट्रकांची व्यवस्था ठेवतो. त्यांतील एक ट्रक खाणीवरून खडी भरून रस्त्याच्या कामावर नेई. त्यावरील ड्रायव्हर वयानें वडील, वीस वर्षें त्याच घरीं काढलेले. मुलें त्यांस मामा म्हणत, आणि मुलांमुळें सगळें घरच त्यांस मामा म्हणूं लागलें होतें.

गेल्या उन्हाळ्यांत त्या ट्रकाचें इंजिन ऑइल खाऊं लागलें. ऑइल एकदां बदलल्यावर पुन्हां बदलेपर्यंत पूर्वीं जेमतेम लिटरभर वरून घालावें लागे, तें पांच-सहा लिटरांवर गेलें. गळती कोठें दिसेना. तेव्हां घरांत कुजबूज सुरू झाली कीं, ऑइल इंजिनांत जात नसून बाजारांत जात आहे. अण्णांनीं उघड कांहीं म्हटलें नाहीं. फक्त ऑइलचा डबा ज्या खोलींत असे, तिला कुलूप लावलें. मामा समजावयाचें तें समजले. "अण्णासाहेब, किल्ली तुमच्याजवळच असूं द्या," ते म्हणाले, "पण एकदां मिस्त्रीला गाडी दाखवा." आणि त्या दिवसापासून ते सकाळीं चहाला थांबेनासे झाले.

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं हें इंजिन श्वास कसा घेतें, तें पाहिलें पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांत आलेली हवा पिस्टन इतकी दाबतो कीं, ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा फवारा शिरतांच तो आपोआप पेट घेतो. म्हणून या इंजिनास हवेची भूक मोठी. भार ओढतांना एक लिटर डिझेल जाळण्यास सुमारें १४ हजार लिटर हवा लागते. लिटरास ४ किलोमीटर जाणारा ट्रक दिवसाकाठीं २०० किलोमीटर धांवला, तर ७ लाख लिटर हवा त्याच्या पोटांतून जाते. १० फूट लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच अशा २५ खोल्यांत मिळून जेवढी हवा मावते, तेवढी ही झाली.

ही हवा खाणीच्या वाटेवरची असली, म्हणजे तिच्याबरोबर काय येतें तें सांगावयास नको. धुळींत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी इंजिनाच्या लोखंडाहून कठीण. त्यांतही मोठा घात करतात ते ५ ते २० मायक्रॉनांचे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचें लायनर यांच्यामध्यें ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. हे कण त्या थराहून मोठे असल्यामुळें दोन्हीं बाजूंस घासत राहतात, आणि सहाणेवर खोड झिजावें तशा रिंगा झिजतात. रिंगा झिजल्या कीं ऑइल वर चढून जळूं लागतें.

यासाठीं हवेच्या वाटेवर गाळणी बसविलेली असते. जुन्या गाड्यांत ती तेलाच्या भांड्याची असे. हवा तेलावरून वळसा घेई आणि धूळ तेलांत बसे. आतांच्या गाड्यांत घड्या घातलेल्या जाड कागदाचा फिल्टर असतो, आणि बहुधा त्याच्या पोटांत दुसरा लहान फिल्टर असतो. बाहेरचा फाटला किंवा चुकीचा बसला, तर निदान आंतल्यानें राखावें, हा त्याचा हेतु.

अखेर मिस्त्री आला. त्यानें इंजिन उघडण्याची घाई केली नाहीं. फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी सोडविली, पांढऱ्या फडक्याचा कोपरा बोटावर घेऊन आंतून फिरविला, आणि तो अण्णांपुढें धरला. कोपरा करडा झाला होता. गाळणीच्या पलीकडे, जेथें धुळीचा लवलेशही असतां कामा नये, तेथें तिचा थर बसला होता. मग त्यानें फिल्टर काढून आंत दिवा धरला. एका घडीच्या टोकाशीं सुईच्या अग्राएवढा उजेड दिसला. फिल्टरची रबरी कड एके बाजूस चेपलेली होती. आणि आंतला लहान फिल्टर जागेवर नव्हताच.

चौकशी करतां उलगडा झाला. पुतण्या स्वच्छतेचा मोठा भोक्ता. रोज संध्याकाळीं तो स्वतः फिल्टर काढी, टायरवर आपटी, आणि हवेच्या नळाच्या पूर्ण जोरानें झटकी. लहान फिल्टर असतां गाडी ओढत नाहीं, असा समज होऊन तो त्यानें काढून ठेवला होता. मामांनीं एकदां "धाकटे मालक, आपटूं नका," असें सुचविलेंही होतें. परंतु शिकलेल्या मुलास ड्रायव्हरानें काय शिकवावें! ऑइल चोरीस जात नव्हतें. तें जळत होतें, आणि त्यास कारण घरचीच काळजी होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरहून अधिक बारीक गाळतो, कारण बसलेली धूळच गाळणीचें काम करूं लागते. म्हणून तो मळका दिसला एवढ्यावरून काढूं नये. प्रत्येक वेळीं डबा उघडला कीं कांहीं धूळ आंत पडण्याचा आणि कड बिघडण्याचा संभव असतो. अर्थात् यास मर्यादा आहे. फिल्टर फार तुंबला कीं श्वास कोंडतो, काळा धूर निघतो, डिझेल अधिक लागतें आणि गाडी चढावर दमते. ही मर्यादा डोळ्यांनीं न ठरवितां डब्यावर किंवा नळीवर जो दर्शक असतो, त्यावरून ठरवावी. त्यांत लाल पट्टी दिसली म्हणजे बदलण्याची वेळ झाली. जेथें दर्शक नसेल, तेथें निर्मात्याच्या पुस्तिकेंत दिलेली मुदत पाळावी, आणि धुळीच्या कामावर ती कमी करावी.

बदलतांना इंजिन बंद असावें. डबा आंतून ओल्या फडक्यानें पुसावा, झटकूं नये. नवा फिल्टर बसवितांना त्याची कड सर्व बाजूंनीं सारखी टेकली कीं नाहीं, तें बोट फिरवून पाहावें. आंतला फिल्टर कधींही साफ करूं नये. बाहेरचा तिसऱ्यांदा बदलतांना तोही नवा घालावा, असा सामान्य प्रघात आहे. डब्याच्या तळाशीं रबराची चोंच असते. ती दाबून सांचलेली धूळ पाडावी, आणि ती फाटली किंवा चिकटली असेल तर बदलावी.

नळ्यांविषयींही एक भेद जाणून असावें. गाळणीपासून टर्बोपर्यंतच्या वाटेंत हवा ओढली जाते. तेथें चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, तर न गाळलेली धूळ आंत शिरते आणि इंजिन मुकाट्यानें झिजतें. टर्बोच्या पुढें हवा दाबाखालीं असते. तेथील चिरेंतून हवा बाहेर जाते, जोर कमी होतो आणि धूर दिसतो. दुसरा दोष ओरडून सांगतो. पहिला बोलत नाहीं, म्हणून तोच अधिक घातक. त्याची चाहूल आधीं लागावी असें वाटत असेल, तर बदललेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. गारगोटींतलें सिलिकॉन त्यांत वाढलेलें आढळलें, तर धूळ कोठून तरी शिरत आहे असें समजून हवेची वाट तपासावी. ही तपासणी वेळेवर झाली असती, तर खोलीला कुलूप लागलें नसतें.

इंजिन उतरवावें लागलें. माडीच्या कामासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम त्यांत गेली. अण्णांना त्याचें दुःख झालें, पण त्याहून अधिक दुसऱ्या गोष्टीचें. त्याच संध्याकाळीं ते पुतण्यास बरोबर घेऊन मामांच्या घरीं गेले, आणि खोलीची किल्ली त्यांच्यापुढें ठेवून म्हणाले, "मामा, चूक आमची झाली. उद्यां सकाळीं चहाला या."

मामा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग किल्ली उचलून पुतण्याच्या हातांत देत म्हणाले, "येतों, अण्णासाहेब. पण तें कुलूप आतां फिल्टरच्या डब्याला लावा."