बाई, अस्वल उपाशी राहील का?



परवा वर्गात 'प्राण्यांचे अन्न' शिकवत होते. एकाने विचारलं, "बाई, माणसांजवळ राहणारी अस्वलं आपल्याच खाण्यावर जगतात ना? आपण दिलं नाही तर ती मरतील?"

उत्तरासाठी आपण अमेरिकेत जाऊ या. तिथे १८७२ साली स्थापन झालेलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वी तिथल्या हॉटेलांतलं खरकटं उघड्यावर टाकत. ते खायला ग्रिझली अस्वलं जमत आणि ती गंमत बघायला माणसं चक्क बाकांवर बसत! काळी अस्वलं तर रस्त्यावर मोटारींपाशी येऊन हातातलं खात. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांमुळे दरवर्षी सरासरी ४८ माणसं जखमी झाली.

शेवटी १९७०च्या सुमारास उद्यानाने हे उकिरडे बंद केले. जॉन आणि फ्रँक क्रेगहेड हे भाऊ १९५९ पासून ग्रिझलींचा अभ्यास करत होते. त्यांचं म्हणणं होतं, की हे हळूहळू करावं. पण तसं झालं नाही. चटावलेली अस्वलं खाणं शोधत तंबूंकडे, वस्त्यांकडे गेली आणि कितीतरी मारली गेली. १९७५ साली त्या परिसरात अंदाजे १३६ ग्रिझली उरल्या होत्या. त्याच वर्षी त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं.

मग या उरलेल्या उपाशी मेल्या का? मुळीच नाही! गवत, मुळं, पाइनच्या बिया, मासे, एल्क हरणांची पाडसं, सगळं त्यांना जंगलातच मिळालं. उन्हाळ्यात डोंगरावरचे दगड उलथून एक ग्रिझली दिवसाला ४०,००० पतंगसुद्धा फस्त करू शकते, बरं का! आज त्या परिसरात सुमारे एक हजार ग्रिझली आहेत.

म्हणजे बघा, अस्वलांना आपल्या अन्नाची गरज नव्हती, सवय लागली होती. आयतं मिळालं तर कोण कष्ट करेल? सवय लावली माणसांनी, जीव गेला अस्वलांचा.

आता सहलीला जाताना घाटात माकडं दिसली, की तुमचा हात वेफर्सच्या पुडीकडे जाईल. तेव्हा ही गोष्ट आठवा. आणि हो, गाडी थांबवणाऱ्या बाबांनाही सांगा!

भेटू पुढच्या आठवड्यात.