मागच्या चाकांचे ब्रेक

मैत्रिणींनो, बिलोलीहून एका भगिनीनं विचारलं आहे, "गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक पॅड घरीच बदलता येतील का? त्यासाठी नांदेडला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आणि घरचे म्हणतात, हे बायकांचं काम नव्हे."

शेवटचं वाक्य सोडून देऊ. शिलाई मशीनचं शटल काढून परत बसवणाऱ्या बाईला चार स्प्रिंगा काही जड नाहीत. पण यात जोखीम आहे, ती नीट समजून घ्या.

आधी एक गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे पॅड नसतातच. पुढे डिस्क नि पॅड, मागे ड्रम. ड्रम म्हणजे पालथ्या डब्यासारखा लोखंडी भाग. आत चंद्रकोरीसारखे दोन शू आणि त्यांवर लायनर. पेडल दाबलं की शू फाकतात नि ड्रमला आतून घासतात. तेव्हा दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगून लायनरच मागा, आणि दोन्ही चाकांचे घ्या. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते.

हॅण्डब्रेक फार वर ओढावा लागतो, मागून खरखर ऐकू येते, तर लायनर झिजले असं समजावं. काळ्या मातीचा चिखल आत गेला तरी आवाज येतो, म्हणून ड्रम उघडून बघावंच.

आता गाडी उचलण्याचं. हॅण्डब्रेक मागच्याच चाकांना धरतो आणि ड्रम काढायला तो सोडावाच लागतो. म्हणजे गाडी धरायला काहीच उरत नाही! म्हणून सपाट, कडक जागा बघा, पुढच्या दोन्ही चाकांना दोहोंकडून लाकडी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. ओम्नी-ईकोसारख्या गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो, तिथं गिअरचा भरवसा धरू नका. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. जॅक फक्त उचलायला. गाडी टेकवायची ती लोखंडी स्टँडवर. विटांवर नको, वीट अचानक फुटते. गाडीखाली अंग घालायचं नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

ड्रम निघाला की काळी भुकटी दिसेल. फुंकर मारू नका, झाडू फिरवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. स्वस्त मालात आज काय असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. नाकाला फडकं बांधा, पाणी शिंपडून ओल्या चिंधीनं पुसा आणि चिंधी पिशवीत बांधून टाकून द्या. पदर नीट खोचा. त्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जायचं नाही.

एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे दुसरं नमुन्याला राहतं. स्प्रिंगा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ड्रम निघालेला असताना पेडल कुणी दाबता कामा नये, आतला पिस्टन बाहेर येतो. नव्या लायनरला तेलकट हात लावू नका.

पण आत ओलं दिसलं, ब्रेक ऑइल पाझरत असलं, तर तिथंच थांबा. सिलिंडर गेलेला असतो. ते काम मेकॅनिकचं. त्याला घरी बोलवा, गाडी हाकत नेऊ नका. ऑइल कमी झालं म्हणून इंजिन ऑइल तर मुळीच ओतू नका, त्यानं आतलं रबर फुगतं. काही गाड्यांत ड्रम मधल्या एकाच मोठ्या नटावर असतो, तोही किती आवळायचा हे जाणणाऱ्याकडूनच आवळून घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला जाणकार माणूस शेजारी असावाच.

सगळं बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. मग गल्लीत, रिकाम्या रस्त्यावर, हळू चालवून थांबवून बघा. नरसीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागून जायचं ते त्यानंतर.

पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल, तर हॅण्डब्रेक न ओढता ठोकळे लावून, गिअरमध्ये ठेवा. ओले लायनर ड्रमला चिकटून बसतात.