ती नुसती कुज नव्हे



'ऑक्सिजन संपला की श्वसन थांबते, उरते ती नुसती कुज' हे मागील अंकातील एका पत्रातले विधान पटले नाही. तापलेल्या खताच्या ढिगात लोखंडी सळई खुपसा, थोड्या वेळाने काढा. हाताला चटका बसेल. आत 60 अंशांपर्यंत ताप चढतो आणि तिथे उष्णताप्रिय जीवाणू सुखाने नांदतात. त्यांतल्या 'जिओबॅसिलस थर्मोडिनायट्रिफिकन्स'चे नावच त्याचा धंदा सांगते. ऑक्सिजन नसला की तो अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन नायट्रेटला देतो. नायट्रेटचे नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, शेवटी नायट्रोजन वायू. हे श्वसनच, आंबणे वेगळे.

आमच्या भंडाऱ्यात रोवणीनंतर धानाच्या बांधीतही हेच चालते, फक्त तिथली मंडळी कोमट चिखलातली. वरचा तांबूस पापुद्रा बोटाने सारा, खाली राखाडी चिखल लागतो. तिथे ऑक्सिजन नाही, पण नायट्रेट पोहोचले की फस्त! पत्रलेखकाने धानाला नायट्रेटयुक्त खत सुचवले आहे, ते म्हणजे पैसे हवेत सोडणे. शेतकरी बंधूंनो, धानाला नत्र अमोनियाच्या रूपात आणि चिखलात खोलवरच द्या.

– एक धान उत्पादक, जि. भंडारा